लिनक्स ऑडिओ शिकताना : मिश्र रेपो आणि लायब्ररींची भांडणं

लिनक्सवर ऑडिओचं काम शिकणारे बहुतेक जण एकाच वाटेने अडकतात. डेबियनची स्थिर आवृत्ती घातलेली असते, तिच्यातला आर्डर (ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम) जुना वाटतो, म्हणून बाहेरचा एक रेपो (पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) जोडला जातो. कोडेकसाठी दुसरा. एखादा प्लगइन (आर्डरमध्ये जोडायचा इफेक्ट किंवा वाद्य) कुठेच मिळत नाही, मग तो सोर्स कोडवरून स्वतः बिल्ड करून 'मेक इन्स्टॉल' या कमांडने बसवला जातो. हे सगळं बरेच महिने सुरळीत चालतं आणि एखाद्या साध्या अपडेटनंतर आर्डर उघडायचं नाव घेत नाही. किंवा उघडतो आणि जॅक सर्व्हर (प्रोग्रॅमांमध्ये आवाज पोचवणारी सेवा) सापडत नाही म्हणतो, जेव्हा सर्व्हर डोळ्यांसमोर चालू असतो.

इथे नवखा माणूस एररची ओळ उचलून शोधायला लागतो आणि मिळेल ती कमांड चालवतो. त्यातली बरीचशी उत्तरं आणखी एक रेपो जोडायला सांगतात. अशी मशीनं दुरुस्त करताना मी एक क्रम पक्का केला आहे : लायब्ररीची (प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडच्या फाइलची) आवृत्ती कोणती हे नंतर बघायचं, आधी ती फाइल आली कुठून ते शोधायचं. कारण आवृत्ती अगदी बरोबर असूनही लायब्ररी परक्या घरची असू शकते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जॅकचंच आहे. 'लिबजॅक डॉट एसओ डॉट ०' या एकाच नावावर तिघांचा हक्क : जॅकच्याच दोन वेगळ्या घडणी जॅक१ आणि जॅक२, आणि पाइपवायर हा नवा ऑडिओ सर्व्हर. प्रोग्रॅमला हवी असते फक्त त्या नावाची फाइल, आणि लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडून देणाऱ्याला) जी आधी सापडेल ती तो देतो. लायब्ररी जॅक१ची आणि चालू सर्व्हर जॅक२चा असला की दोघांचं बोलणंच होत नाही. प्रोग्रॅम मात्र "सर्व्हर चालू नाही" एवढंच सांगतो. २०२१मध्ये फेडोरा ३४ने पाइपवायर मुख्य ऑडिओ सर्व्हर केला, पुढे इतरांनीही ती वाट धरली, आणि तेव्हापासून हा गोंधळ वाढलाच. डेबियनवर पाइपवायरची लिबजॅक वेगळ्या फोल्डरमध्ये असते. 'पीडब्ल्यू-जॅक' ही कमांड पुढे लावली तर तेवढ्या प्रोग्रॅमपुरती ती वापरली जाते, आणि लोडरच्या (एलडीच्या) कॉन्फिग फोल्डरमध्ये तिचा पत्ता देणारी फाइल टाकून 'एलडीकॉन्फिग' (लोडरची यादी नवी करणारी कमांड) चालवलं तर सगळ्यांसाठी. कोणी तरी आधी दुसरी पद्धत वापरली आणि ते विसरून आता जॅक२ सुरू करतो आहे, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी सुरुवातच तिथून करतो.

फाइल कुठून आली हे शोधायला दोन पायऱ्या लागतात. बिघडलेल्या प्रोग्रॅमच्या बायनरीवर (प्रत्यक्ष चालणाऱ्या फाइलवर) 'एलडीडी' चालवा. प्रत्येक लायब्ररी कोणत्या फोल्डरमधून घेतली जाते ते दिसेल. मग त्या फाइलचा पूर्ण पत्ता 'डीपीकेजी'ला (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) कॅपिटल एस पर्यायाने द्या, ती कोणत्या पॅकेजची आहे ते कळेल. इथे एक फसवी जागा आहे. डेबियन आणि उबुंटूवर आता मुळातलं लिब फोल्डर हे युएसआरमधल्या लिबकडे नेणारी लिंक असतं. एलडीडी पत्ता एका रूपात दाखवतं आणि डीपीकेजीला तो दुसऱ्या रूपात माहीत असतो, त्यामुळे "असा पत्ता सापडला नाही" असं उत्तर येतं. लगेच ती फाइल पॅकेजबाहेरची ठरवू नका. पत्त्याच्या सुरुवातीला युएसआर जोडून किंवा काढून पुन्हा विचारा. दोन्ही रूपांत नकार आला, आणि पत्त्यात 'लोकल' असेल, तर मात्र तो जुन्या मेक इन्स्टॉलचा उरलेला माल. डेबियनवर लोकलमधल्या लायब्ररी लोडर आधी बघतो, म्हणून तिथली एक विसरलेली फाइल रेपोतल्या प्रत्येक नव्या अपडेटवर मात करते. ती हलवा, एलडीकॉन्फिग चालवा. अर्ध्या तक्रारी इथे मिटलेल्या पाहिल्या आहेत, आणि रेपोंना उगाच शिव्या बसलेल्या असतात.

एलडीडीला न दिसणारी एक गोष्ट म्हणजे प्लगइन. ते प्रोग्रॅम चालू झाल्यावर लोड होतात, त्यामुळे आर्डरवर एलडीडी चालवून त्यांचा पत्ता लागत नाही. प्लगइनच्या एसओ फाइलवर ते स्वतंत्र चालवावं लागतं, किंवा 'एलडी_डीबग' या व्हेरिएबलला 'लिब्ज' ही किंमत देऊन प्रोग्रॅम टर्मिनलवरून सुरू करावा लागतो. माहिती धो धो येते. ती फाइलमध्ये घ्या आणि शेवटून वाचा. "अनडिफाइन्ड सिम्बॉल" म्हणून आलेल्या लांबलचक नावात 'सीएक्सएक्स११' दिसलं, तर २०१५मध्ये जीसीसी ५ या कंपायलरने बदललेल्या सी++च्या एबीआयकडे (बिल्ड झालेला कोड एकमेकांशी जुळण्याच्या नियमांकडे) संशयाने बघा. त्या बदलात डेबियनने बऱ्याच लायब्ररींच्या पॅकेजच्या नावाला 'व्ही५' ही शेपटी लावली. वेगळ्या एबीआयने बिल्ड केलेला प्लगइन आणि लायब्ररी यांचं नातं जुळत नाही, मग आवृत्तीचे आकडे कितीही सारखे दिसोत.

फाइल पॅकेजमधलीच निघाली, तर पुढचा प्रश्न ते पॅकेज कोणत्या रेपोतलं. त्यासाठी कमांड 'एपीटी पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव; एपीटी म्हणजे रेपोतून पॅकेज आणून बसवणारं साधन. तीन तारकांची ओळ म्हणजे बसवलेली आवृत्ती, तिच्याखाली रेपोचं नाव आणि प्राधान्याचा आकडा. तारकांखाली फक्त डीपीकेजीच्या स्टेटस फाइलचा उल्लेख असेल, तर ते पॅकेज अनाथ आहे, आज जोडलेल्या कोणत्याही रेपोत ती आवृत्ती नाही. रेपो काढून टाकला म्हणजे त्याची पॅकेजंही गेली असं अनेकांना वाटतं. ती जात नाहीत. बसवलेल्या पॅकेजांच्या यादीत 'लोकल' असा शिक्का घेऊन बसून राहतात.

प्राधान्याच्या आकड्यांमध्ये या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. साध्या रेपोचं प्राधान्य ५००, आणि बाहेरून जोडलेल्या रेपोचंही ५००च. प्राधान्य सारखं असलं की एपीटी मोठी आवृत्ती उचलतं. डेबियनचेच बॅकपोर्ट्स (स्थिर आवृत्तीसाठी बनवलेली नवी पॅकेजं) मात्र मुद्दाम १००वर ठेवलेले असतात, म्हणून ते मागितल्याशिवाय घुसत नाहीत. शिवाय आवृत्तीच्या पुढे कोलन लावून येणारा इपॉक असतो : १:०.९ ही आवृत्ती ५.२पेक्षा मोठी धरली जाते. बाहेरच्या रेपोने इपॉक चढवला असेल तर मुख्य रेपो कितीही पुढे गेला तरी ते पॅकेज परत येणार नाही. बाहेरचा रेपो ठेवायचाच असेल, तर प्रेफरन्सेस फोल्डरमध्ये त्याचं प्राधान्य १०० करा आणि हवं ते एकच पॅकेज ५००वर आणा.

मुख्य रेपोच्या आवृत्त्यांकडे परतताना मी १०००च्या वरचं पिन (आपण ठरवून दिलेलं प्राधान्य) टाळतो. त्याने एपीटी सगळंच जुन्या आवृत्तीवर खाली आणायला लागतं, प्रसंगी सुरक्षा अपडेटसुद्धा. त्यापेक्षा रेपोची फाइल बंद करावी, यादी अद्ययावत करावी आणि परकी पॅकेजं नावानिशी, तिरप्या रेघेपुढे रिलीजचं नाव लावून, एकत्र इन्स्टॉल करावीत. आधी 'उणे एस' लावून नुसती तालीम घ्यायची. तालमीत निम्मा डेस्कटॉप काढला जाणार असं दिसलं, तर यादीत एखादं पॅकेज राहिलं आहे. उबुंटूच्या पीपीएसाठी (उबुंटूवर जोडायचे बाहेरचे रेपो) 'पीपीए-पर्ज' हेच काम करतं. ओपनसुसेवर झिपर (तिथलं एपीटीसारखं साधन) पॅकेजचा व्हेंडर, म्हणजे ते पुरवणारा, आपणहून बदलत नाही, म्हणून पॅकमन या बाहेरच्या रेपोची अर्धी आणि मूळची अर्धी मल्टिमीडिया लायब्ररी राहते. तिथे व्हेंडर बदलायची परवानगी देऊन 'डप' (सगळी पॅकेजं रेपोंशी जुळवणारी कमांड) करावं लागतं. फेडोरावर त्यासाठी 'डिस्ट्रो-सिंक'.

विंडोजचे ३२ बिटचे प्लगइन वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) चालवणाऱ्यांना एक खास खड्डा लागतो. एकाच लायब्ररीची ६४ आणि ३२ बिट पॅकेजं शेजारी नांदायला दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एक लागते. बाहेरच्या रेपोने फक्त ६४ बिटचं पॅकेज पुढे नेलं, की ३२ बिटवालं मुख्य रेपोतून बसतच नाही, आणि एपीटी भलत्याच पॅकेजवर खापर फोडतं. अशा वेळी अनमेट डिपेन्डन्सीच्या (पॅकेजच्या न भागलेल्या गरजांच्या) यादीतली शेवटची ओळ धरून, त्या लायब्ररीची पॉलिसी दोन्ही आर्किटेक्चरसाठी बघा.

२०२४पासून आणखी एक नाव लक्षात ठेवावं लागतं. वेळ ६४ बिटमध्ये साठवण्याच्या बदलात अनेक लायब्ररींच्या पॅकेजना 'टी६४' जोडलं गेलं. उबुंटू २४.०४वर 'लिबएसाउंड२' मागितलं तर असं पॅकेज उपलब्ध नाही म्हणतं आणि दोन पर्याय दाखवतं. त्यातलं 'लिबएसाउंड२टी६४' घ्या. दुसरं ओएसएस या जुन्या ध्वनियंत्रणेवर अल्साचं (लिनक्सच्या नेहमीच्या ध्वनियंत्रणेचं) सोंग घेणारं आहे.

फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज (लायब्ररी सोबत घेऊन येणारी पॅकेजं) यांनी यातला बराच त्रास वाचतो, पण फ्लॅटपॅकमधला आर्डर सिस्टिमवरचे प्लगइन बघत नाही, त्याला फ्लॅटपॅकच्याच स्वरूपातले प्लगइन लागतात. हे आधी कळलं नाही तर माणूस पुन्हा सोर्सकडे वळतो आणि लोकल फोल्डर भरायला लागतो.

दुसऱ्याच्या मशीनची दुरुस्ती करायला बसलात, तर त्याला काय केलं ते विचारत बसू नका. एपीटीच्या लॉग फोल्डरमधली हिस्टरी फाइल उघडा, तिथे एपीटीने केलेलं तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. आणि डेबियनच्या नव्या रिलीजवर जायच्या आधी ती 'लोकल' शिक्क्याची यादी रिकामी करून घ्या, कारण अपग्रेड मध्येच अडकलं की ती यादी बघायला डेस्कटॉप सुरू होईलच असं नाही.