समुद्रात पोहताना डॉल्फिन जवळ आला तर काय करायचं (आपल्या विदर्भातल्या पोट्ट्यांसाठी)

सोयाबीन विकून झालं, दिवाळी आटपली का गावातल्या पोट्ट्यांचे तारकर्लीचे प्लान सुरू होतात. नागपूर-मडगाव स्पेशल वर्धा, बडनेरा, अकोला करत लोकं उचलत जाते, कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. आणि निघायच्या आधी हमखास एक प्रश्न येते, भाऊ पोहता पोहता डॉल्फिन आला तं काय करायचं, हात लावू देते का तो? म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो म्हणजे मंग लिंक फेकून मोकळा.

हात लावू देते का, तर लावायचाच नाई. आणि काय करायचं, तर जवळपास काहीच नाई. पण ते काहीच न करणं खोल पाण्यात, खाली पाय टेकत नसताना, बाजूनं दोनशे किलोचं जनावर जात असताना जमलं पाहिजे, त्याच्यासाठी हा एवढा लांबलचक पाढा.

पहिले तुमच्या पोहण्याचं बोलू, कारण कोकणात आपल्या लोकांना डॉल्फिनपासून नाई, पाण्यापासून धोका आहे. आपण सगळे विहिरीत सूर मारत शिकलेले, कमरेला डबा बांधून, नाईतर नदीच्या डोहात. विहिरीला काठ असते, नदी एकाच दिशेनं वाहते, समुद्राचं तसं नाई. खाऱ्या पाण्यात अंग जरा जास्त तरंगते त्यामुळे पहिल्या दहा मिनिटात वाटते अरे हे तं विहिरीपेक्षा सोपं आहे, आणि तिथंच माणूस फसते. लाटा फुटत असतात त्याच्या मधात एखादा पट्टा शांत दिसते, पाणी जरा गढूळ, लाट फुटत नाई, आपल्याला वाटते हीच जागा बरी. तीच सगळ्यात वाईट जागा. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जात असते आणि ते तुम्हाला घेऊन जाते. अशात अडकले तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाई, कोणीच जिंकत नाई त्याच्याशी, किनाऱ्याला समांतर असं आडवं पोहायचं, ओढ संपली का मंग बाहेर यायचं, दमले असाल तर नुसतं पाठीवर तरंगा आणि एक हात वर करा. अमावस्या पौर्णिमेला उधाण असते, भरती ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासानं पुढं सरकते, त्यामुळे काल सकाळी ९ वाजता पाणी बरं होतं म्हणून आज पण असेल हा हिशोब करू नका. होमस्टेवाल्या काकांना विचारा, जीवरक्षक असेल तर त्याला विचारा, तो नाई म्हणाला तर नाई. आणि बीअर पिऊन पाण्यात उतरणाऱ्यानं हे पुढचं वाचलंच नाई तरी चालते.

आता डॉल्फिन येते कुठं ते पाहा. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला जो जास्त दिसते तो हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर कुबड आणि कुबडावर छोटासा पर, रंगानं राखाडी, अडीच मीटरच्या आसपास लांब. हा खोल समुद्रातला नाई, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला आहे, आणि खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं त्याला मासळी चांगली भेटते म्हणून त्याचा तिथं मुक्काम. देवबागला कर्ली नदीचा संगम आहे, बोटवाले डॉल्फिन पॉइंट म्हणतात ते त्याच बाजूचं. दापोली, गुहागर, वेंगुर्ल्याकडे पण दिसतात. पण गंमत अशी का डॉल्फिनला जी जागा आवडते, म्हणजे खाडीचं तोंड, तीच पोहणाऱ्या माणसासाठी सगळ्यात खराब. ओहोटी लागली का सगळ्या खाडीचं पाणी त्या तोंडातून बाहेर पडते, ओढ भयंकर असते, वरून बोटींची ये-जा. म्हणजे "डॉल्फिन दिसतात तिथं जाऊन पोहू" हा प्लानच कॅन्सल करा. पाहायचे असतील तर सकाळी लवकर बोटीतून पाहा, पाणी शांत असते तेव्हा दिसतात पण चांगले. पावसाळ्यात हे सगळं बंद असते, तेव्हा जाऊच नका.

मंग पोहताना भेट होईल कधी? तुम्ही आपले साध्या जागी, पोहायला परवानगी असलेल्या ठिकाणी, छातीभर नाईतर थोड्या जास्त पाण्यात आहात आणि एखादा कळप मासळीच्या मागं किनाऱ्याजवळ आला तर. होते असं, पण कमी. हा हंपबॅक तसा लाजरा, बोटीच्या पुढं उड्या मारत नाचत यायचा त्याचा स्वभाव नाई, तो स्वभाव स्पिनर नाईतर बॉटलनोज या डॉल्फिनच्या दुसऱ्या जातींचा, आणि ते जास्त करून आतल्या समुद्रातले. त्यामुळे आला नाई म्हणून तोंड पाडून बसू नका.

पाण्यात पर दिसला का पहिले छातीत धडधडते, शार्क तं नाई ना? फरक सोपा आहे. डॉल्फिन आपल्यासारखा हवेत श्वास घेते, म्हणून तो वर येते, पाठ गोल होऊन पर दिसते आणि परत खाली जाते, असं पुढं पुढं सरकत राहते, आणि जवळ असेल तर "फूस" असा आवाज येते, तो त्याच्या डोक्यावरच्या भोकातून सोडलेला श्वास. शार्कचा (तिकडे शार्कला मुशी म्हणतात) पर वर दिसलाच तर सरळ पाणी कापत जाते, असा वरखाली होत नाई. शेपटीचा पण फरक आहे, डॉल्फिनची शेपटी आडवी, माशाची उभी. आणि एक गोष्ट लय पसरलेली आहे का डॉल्फिन असला का शार्क येत नाई, ती डोक्यातून काढून टाका, दोघं एकाच मासळीच्या मागं असू शकतात.

बरं, आला. तुमच्यापासून पाचपंचवीस मीटरवर पाठ दिसली. आता काय.

हातपाय मारणं थांबवा. ओरडू नका, शिट्ट्या नका, "अबे पाह्य पाह्य" करून सगळ्या गावाला बोलावू नका, पाण्यावर थापा तर अजिबातच नाई. त्याला तुमचे हात दिसायच्या आधीच तुमचा आवाज आणि आकार कळलेला असते, तो पाण्यात टिकटिक आवाज सोडते आणि ते आवाज आदळून परत येतात त्याच्यावरून समोर काय आहे ते त्याला समजते. डोकं पाण्याखाली असलं तर तुम्हाला पण कधीकधी ती टिकटिक नाईतर दार कुरकुरल्यासारखा आवाज ऐकू येते, घाबरायचं नाई. उभे तरंगत राहा, हात अंगाजवळ, पाय हळू हळू, श्वास लांब. पहिले तुमचा किनारा कुठं आहे ते पाहून घ्या, कारण त्याच्याकडे पाहता पाहता माणूस कुठच्या कुठं वाहत जाते, डॉल्फिनपेक्षा हे जास्त वेळा होते. पाय टेकत असतील तर फारच उत्तम, तिथंच थांबा, एक पाऊल पण आत टाकू नका. सोबत लहान पोट्टे असतील तर त्यांना आपल्या आणि किनाऱ्याच्या मधात घ्या.

त्याच्या मागं पोहू नका. एक तं ते शक्यच नाई, जगातला सगळ्यात फास्ट पोहणारा माणूस तासाला आठ-नऊ किलोमीटरच्या आसपास जाते, डॉल्फिन सहज वीसच्या वर. दुसरं, मागं लागलेलं काहीही त्याच्यासाठी धोकाच असते, तो निघून जाईल आणि तुम्ही खोल पाण्यात दमलेले. त्याच्या वाटेत आडवे पण जाऊ नका, दोन बाजूनं दोघं असे घेरून तर नाईच. तो जवळ आला तर त्याच्या मर्जीनं आला, गेला तर त्याच्या मर्जीनं गेला. पिल्लू सोबत असेल, म्हणजे मोठ्याच्या बगलेला चिकटून छोटं पोहत असेल, तर थांबून पाहत बसायचं पण नाई, हळू हळू मागं सरकत किनाऱ्याकडे या. मादीला एक पिल्लू व्हायला वर्षभराच्या आसपास लागते आणि दोन पिल्लांमधात काही वर्षं जातात, ती त्याच्याजवळ कोणाला येऊ देईल का?

हात का लावायचा नाई हे विचारतातच. त्याची कातडी नाजूक असते, आपल्या नखानं, अंगठीनं, कड्यानं ओरखडे पडतात. आपल्याकडचे रोग त्याला आणि त्याच्याकडचे आपल्याला लागू शकतात, म्हणून तो श्वास सोडते त्या फवाऱ्यात तोंड घालून व्हिडिओ काढू नका. आणि त्याच्या डोक्यावरच्या भोकाजवळ हात म्हणजे त्याच्या नाकातोंडाशी हात, कोणाला आवडेल. मोबाईल वॉटरप्रूफ पाकिटात असला तरी तो पुढं धरून जवळ जायचं नाई, सेल्फी स्टिक तर किनाऱ्यावरच ठेवा.

आता चिडला तर कसं कळते. त्या चेहऱ्यावर जाऊ नका, तोंडाची ठेवणच तशी आहे, तो कायम हसल्यासारखाच दिसते, रागात असला तरी. पाण्यावर शेपटी जोरात आपटणं, तोंड उघडून दात दाखवणं, जबडा फटकन मिटणं, अंगाला बाक देऊन तुमच्याकडे तोंड करून उभं राहणं, झपाट्यानं अंगावर येऊन शेवटच्या क्षणी वळणं, ही सगळी "निघा आता" ची भाषा. पाठ फिरवून धपाधप हात मारत पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवूनच शांतपणे मागं सरका, बाहेर या. ढकललं नाईतर चावलं तर लगेच बाहेर, जखम स्वच्छ पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जा, टिटॅनसचं तं पाहाच, समुद्री जनावराचा चावा आहे हे डॉक्टरला सांगा.

हे अति वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. १९९४ ला ब्राझीलमधे तिआओ नावानं ओळखला जाणारा एक बॉटलनोज डॉल्फिन किनाऱ्यावर लोकांमधे यायचा, लोकं त्याच्या पाठीवर बसायचे, पर ओढायचे, शेवटी डिसेंबरात त्यानं एका माणसाला असं मारलं का तो वाचला नाई, बाकी बरेच जखमी. आणि जपानमधे फुकुईच्या किनाऱ्यावर २०२२ पासून पुढं पोहणाऱ्यांना डॉल्फिन चावायच्या घटना झाल्या, २०२३ च्या जुलैत मिहामाला साठीतल्या एका माणसाच्या बरगड्या मोडल्या. म्हणून एकटाच डॉल्फिन, कळप सोडून, माणसांमधे रोज येऊन राह्यला असेल तर त्याच्यापासून जास्त लांब राहा. लोकांना वाटते हा आपला दोस्त झाला, पण सवय लागलेलं जंगली जनावर सगळ्यात बेभरवशाचं, हे आपल्या इकडच्या माणसाला सांगायची गरज नाई.

खाऊ घालायचं नाई, ना पाण्यातून ना बोटीतून. आपल्याकडे डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एक मधे आहे, वाघाच्या रांगेत, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत हाकणं आणि आमिष दाखवणं पण येते. २०१३ ला तर डॉल्फिनचे खेळ करायला त्याला टाकीत ठेवायलाच आपल्या देशानं बंदी घातली. हवाईमधे २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डाच्या आत पोहत जायलाच मनाई आहे, म्हणजे साधारण ४५ मीटर, कारण ते बिचारे रात्रभर शिकार करून दिवसा किनाऱ्याजवळ आराम करतात आणि टुरिस्ट त्यांना झोपू देत नव्हते. डॉल्फिन झोपते पण अर्ध्या मेंदूनं, अर्धा जागा, श्वास घ्यायला वर यावंच लागते ना. तेव्हा हळू हळू एका लयीत वरखाली होत जाणारा कळप दिसला तर तो खेळत नसून आराम करत असू शकते.

बोटीचं पण सांगून टाकतो कारण तुमच्यातले बहुतेक जण बोटीतूनच पाहतील. ताडोब्यात एका वाघाला दहा जिप्सी घेरतात तेव्हा आपण सोशल मीडियावर शिव्या घालतो, मंग देवबागला बोटवाल्याला "दादा अजून जवळ घ्या ना, पैसे दिले आम्ही" म्हणणारे पण आपणच. नका म्हणू. दादा, इंजिन हळू करा, लांबूनच पाहू, असं स्वतःहून म्हणा, बरेच बोटवाले खूश होतात, कारण गिऱ्हाईकाच्या धाकानंच ते जवळ नेतात. पन्नासेक मीटरवर बोट ठेवून, कळपाच्या पुढं न जाता बाजूनं चाललं का ते स्वतःच निवांत दिसतात. बोटीतून उडी मारून त्यांच्यात जायचं तर स्वप्नात पण नाई, पंखा खाली फिरत असते. लाईफ जॅकेट घाला, फोटोत खराब दिसते म्हणून काढू नका.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील, म्हणजे मोठं लांब जाळं दोन्हीकडून ओढतात ते, तर त्याच्या आसपास पोहू नका, डॉल्फिन पण तिथं मासळीला येऊ शकते आणि जाळ्यात पाय अडकला तर तुमचं काही खरं नाई. जाळ्यात डॉल्फिन सापडला तर ते मच्छीमारांना करू द्या, जाळं कापून संरक्षित जनावर सोडलं तर सरकार २५ हजारापर्यंत भरपाई देते, त्यांना माहीत असते सगळं, आपण मधात लुडबूड करायची नाई.

आणि कधी वाळूवर आलेला जिवंत डॉल्फिन दिसला तर त्याला शेपटीला धरून पाण्यात ओढू नका, लय लोकं हेच करतात. तो आजारी नाईतर जखमी असू शकते, आणि तशी शेपटी ओढल्यानं हाडं मोडतात. गर्दी लांब करा, कुत्रे हाकला, अंगावर ओलं फडकं टाकून पाणी मारत राहा पण डोक्यावरचं भोक मोकळं ठेवा, त्यात पाणी आणि वाळू जाऊ देऊ नका, ऊन असेल तर सावली करा. मंग वनविभागाला १९२६ वर फोन लावा, हा आपला महाराष्ट्राचाच हेल्पलाईन नंबर आहे, गावात बिबट आला तर लावतो तोच, आणि किनारा कोणता, जवळचं देऊळ नाईतर हॉटेल कोणतं, जनावर हलते का नाई एवढं नीट सांगा. मेलेला असेल तरी फोन लावाच, त्यांना नोंद लागते, आणि त्याच्यासोबत फोटो काढत बसू नका, वास आठ दिवस जात नाई कपड्याचा.