कुत्रा असलेल्या परसात कृत्रिम हिरवळ: आधी ढाळ, मग गवत

दुपारी बारा ते चार सलग ऊन येणाऱ्या परसात कृत्रिम हिरवळ टाकू नका. खरं गवत पाणी हवेत सोडून गार राहतं, प्लास्टिक नुसतं तापत जातं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की उन्हातल्या या हिरवळीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे जातो. पालथा हात पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे कुत्र्याचे पंजे भाजणार. पाणी मारलं तर गार होते, पण थोडाच वेळ. आंब्याची, इमारतीची किंवा शेडनेटची सावली असेल तरच पुढचं वाचा.

पाती २५ ते ३५ मिलिमीटर उंचीची घ्या. दुकानदार ५० मिलिमीटरचं मऊ लॉन पुढे करेल, पण त्यात शी अडकते आणि निघत नाही. नमुन्याचा तुकडा दोन विटांवर आडवा ठेवून त्यावर मगभर पाणी ओता. पाणी वर तळं करून थांबलं तर तो माल परत करा. पातीच्या रंगात शिसं नसल्याचा चाचणी अहवालही मागा, कारण पिल्लं गवत चावतात.

आता खरं काम. हिरवळीला वास येतो तो गवतामुळे नाही, खाली अडकलेल्या मूत्रामुळे. जिवाणू मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि ओल टिकेल तितका वास टिकतो. म्हणून सगळा जीव खालच्या थरांत ओता. वरचं गवत दोन वर्षांनी बदलता येतं. खालचा भराव चुकला तर सगळं उकरावं लागतं.

पुण्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी मुरू देत नाही. तिच्यावर थेट खडी टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन खालीवर होऊन खळगे पडतात. आठ इंच माती काढा. चार इंच मुरूम भरा, पाणी मारा, धुमसाने ठोका. ढाळ द्यायचा तो याच मुरमाला, फुटाला दीड सूत. म्हणजे दहा फुटांना जवळपास दोन इंच. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून मोजा, नजरेवर सोडू नका. पुष्कळ गवंडी मुरूम सपाट ठेवून वरच्या खडीला ढाळ देतात. ते निरुपयोगी आहे, कारण पाणी वाहतं ते मुरमावरून.

मुरमावर जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा. त्यावर तीन इंच २० मिलिमीटरची खडी आणि वर एक इंच ६ ते १० मिलिमीटरची बारीक खडी, दोन्ही धुतलेल्या. दहा बाय वीस फुटांच्या परसाला मोठी खडी अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागते, बारीक खडी साधारण सतरा घनफूट आणि मुरूम पाऊण ब्रासहून थोडा जास्त, कारण ठोकल्यावर तो बसतो.

तीन गोष्टी कुणीही सुचवल्या तरी करू नका. पहिली, सपाटीसाठी वर क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिची बारीक भुकटी मूत्र धरून ठेवते आणि महिनोन् महिने वास देते. दुसरी, गवताच्या लगेच खाली कापड किंवा फोम. तण येऊ नये म्हणून घातलेलं ते कापड ओल्या फडक्यासारखं भिजलेलं राहतं. कापडाची जागा खडीच्या खाली, वर नाही. तिसरी, चारही बाजूंना सिमेंटात बांधलेली विटांची कड. ती बांधली की परसाचा हौद होतो. उताराच्या बाजूच्या कडेत दर दोन फुटांवर भोक सोडा आणि तिथे भोकं पाडलेला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप कापडात गुंडाळून टाका. त्याचं तोंड केळी-कर्दळीच्या आळ्यात काढा, जागा नसेल तर गली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीच्या चेंबरमध्ये. बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात मात्र कधीच नको.

गवत टाकण्याआधी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. काही मिनिटांत खालच्या तोंडातून वाहायला लागलं पाहिजे. नाही आलं तर गवत बाजूला ठेवा आणि मुरमाचा ढाळ पुन्हा मोजा. कोबा किंवा शहाबादी फरशी असलेल्या जागी उकरू नका. तिथे मूळ ढाळ तपासून ड्रेन सेल (खालून पाणी वाहू देणाऱ्या प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या) अंथरा आणि वर गवत टाका. गच्चीवर खिळे ठोकून वॉटरप्रूफिंग फोडू नका.

बाकी काम सोपं आहे. रोल बहुतेक दोन मीटर रुंद येतो, म्हणून दहा फुटांच्या परसात जोड येणारच. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला ठेवा, खाली जोडपट्टी घालून पीयू गोंदाने चिकटवा. गोंदाला कोरडी हवा लागते, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढा. कुत्री कडा उकरतात आणि खडीत खिळा धरत नाही, तेव्हा कड विटेवर चिकटवा.

पातींमध्ये भरायला साधी वाळू नको, झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे एक-दोन मिलिमीटरचे दाणे घ्या, चौरस फुटाला साधारण अर्धा किलो. ते अमोनियम, म्हणजे पाण्यात विरघळलेला अमोनिया, धरून ठेवतात. वाघोलीच्या खाणींत सापडणारी स्टिल्बाइटसारखी खनिजं याच कुळातली, पण बाजारात भराईसाठी मिळणारा माल वेगळ्या प्रकारचा असतो. दाणे अमोनियमने भरून गेले की उपयोग संपतो. मिठाच्या पाण्याने धुऊन, मग साध्या पाण्याने खळखळून घेतलं की पुन्हा काही काळ काम देतात. घरात मांजर असेल तर भराई कमीत कमी ठेवा, नाहीतर ती तिथेच उकरून बसेल.

रोज शी उचला आणि मूत्राच्या जागी बादलीभर पाणी ओता. आठवड्यातून एकदा एन्झाइम क्लीनर मारून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग धुवा. ब्लीचिंग पावडर वापरू नका, अमोनियाशी मिसळून तिचा विषारी वायू होतो. मांजराच्या घरात काळं फिनाईलही नको, त्यातले फिनॉल तिला घातक आहेत. पावसाळ्यात वास कमी होतो, पण सावलीच्या कडांवर शेवाळ धरतं आणि पालापाचोळ्यात गोचीड दडतात. जून ते सप्टेंबर कडा कडक ब्रशने पातीच्या उलट्या दिशेने घासा आणि पाईपच्या तोंडावर साचलेला पाला दर आठवड्याला काढा.