पन्नाशी-साठीत स्कूबा शिकायचंय? मग हे आधी वाचा

वय जास्त झालं म्हणून कोणी अडवत नाही बरं का. पॅडी (PADI, स्कूबा शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) च्या ओपन वॉटर या पहिल्या, बेसिक कोर्सला कमीत कमी १० वर्षं वय लागतं, वरची मर्यादाच नाही. अडतं ते मेडिकल फॉर्मवर. त्यात ४५ च्या पुढच्यांना वेगळे प्रश्न असतात, सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कोणी लवकर हार्टने गेलंय का वगैरे, आणि प्लीज तिथे खोटं "नाही" लिहू नका. पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हार्टवर लोड येतो, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात ती) लागेल का ते विचाराच.

पोहणं अगदी भारी यायची गरज नाही. २०० मीटर न थांबता, कितीही हळू चाललं तरी चालतं, आणि १० मिनिटं तरंगायचं. दोन-तीन महिने आधीपासून पूलमध्ये जात राहिलात तर हे सहज जमतं.

खरी मेहनत कानांची आहे. १० मीटरला प्रेशर जमिनीवरच्या दुप्पट होतं, पण कान सगळ्यात जास्त त्रास देतात ते पहिल्या काही मीटरमध्येच, म्हणून डोकं पाण्याखाली गेल्या गेल्या नाक चिमटीत धरून हळूच फुंकायला लागा आणि दर अर्ध्या-एक मीटरला करत रहा, दुखायची वाट बघू नका. नाही सुटला कान तर थोडं वर या, परत ट्राय करा. जोर लावून फुंकलं तर पडद्याला इजा होऊ शकते. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह कॅन्सल, पैसे भरले असले तरी.

दुसरी गोष्ट मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढणं. बहुतेक जण इथेच घाबरतात. मास्कची वरची कड कपाळाला दाबायची, वर बघायचं आणि नाकाने सावकाश श्वास सोडायचा. इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तर स्पष्ट सांगा की मला अजून वेळ पाहिजे, आणि तरीही ऐकत नसेल तर सरळ दुसरा शोधा!

चाळीशीचा चष्मा असेल तर गेजवरचे (हवेचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरवरचे) आकडे खाली धूसर दिसतात आणि टँकमध्ये हवा किती उरलीय ते वाचता येणं मस्टच आहे. नंबरवाला मास्क मिळतो, किंवा मास्कच्या आत खालच्या बाजूला चिकटवायच्या छोट्या रीडिंग लेन्स मिळतात, त्या घ्या.

श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा फुगून दुप्पट होते, ती बाहेर जायलाच हवी. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगात वर येऊ नका आणि ५ मीटरला ३ मिनिटं थांबा.

गुडघे-कंबर कुरकुरत असतील तर टँक घालून बोटीची शिडी चढायचा हट्ट नको. पाण्यातच वेट्स (खाली जाण्यासाठी लावलेली वजनं), मग टँक काढून वर द्या, फिन्स (पायातली वल्ह्यासारखी पाती) शिडी धरून शेवटी काढा, बोटवाल्यांना त्याची सवय असते. आणि परतीचं विमान बुक करताना बघा, एका डायव्हनंतर कमीत कमी १२ तास, जास्त डायव्ह केले असतील तर १८ तास गॅप लागतो, मी तर म्हणेन अख्खा एक दिवस मोकळाच ठेवा.