न्यू जर्सीत ज्यूरीच्या निकालावर अपील करताय? या चुका टाळा

रस्ता ओलांडताना गाडीने उडवलेला माणूस ज्यूरीसमोर दावा हरला, की घरचे म्हणतात, "वरच्या कोर्टात बघून घेऊ." भारतातला अनुभव पाठीशी असतो. मुंबई उच्च न्यायालय मोटार अपघात दाव्याच्या अपिलात पुरावा पुन्हा तपासून नुकसानभरपाई स्वतः वाढवू शकतं. न्यू जर्सीचं अपील कोर्ट साक्षीपुरावा असा नव्याने तोलत नाही. सिग्नल कोणाचा होता, साक्षीदार खरं बोलला का, हे ज्यूरीने ठरवलं की बहुतेक वेळा ठरलंच.

सर्वांत महागात पडते ती चूक मुदतीची. अपिलाला ४५ दिवस मिळतात, म्हणून लोक निवांत राहतात. पण निकाल पुराव्याशी विसंगत आहे असं म्हणायचं असेल, तर आधी खालच्याच कोर्टात नव्या सुनावणीचा अर्ज करावा लागतो आणि त्याला निकालापासून फक्त २० दिवस असतात. तो अर्ज राहिला तर अपिलात हा मुद्दा उचलताच येत नाही. वकिलाला त्याच आठवड्यात विचारा.

दुसरी चूक न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचनांबाबत होते. क्रॉसवॉकमध्ये पादचाऱ्याला धडक बसली, तर चालकाने पुरेशी काळजी घेतली नाही असा निष्कर्ष ज्यूरीला काढता येतो, असं इथला कायदा सांगतो. पादचाऱ्याच्या बाजूने एवढी मोठी गोष्ट सूचनांतून गळली, तर ज्यूरी विचारविनिमयाला आत जाण्यापूर्वीच हरकत नोंदवायला हवी. नंतर उठवलेली हरकत टिकवणं फार कठीण जातं.

दोषाच्या टक्केवारीकडेही दुर्लक्ष नको. पादचाऱ्याचा दोष ५० टक्के ठरला तर निम्मी भरपाई मिळते, ५१ ठरला तर एक डॉलरही नाही. 'चालक निष्काळजी होता, पण इजा त्यामुळे झाली नाही' असं उत्तर आलं, तर ते परस्परविरोधी वाटतं हे ज्यूरर घरी जाण्याआधीच कोर्टाला सांगा. तेव्हा न्यायाधीश त्यांना पुन्हा विचार करायला लावू शकतात.

निकालानंतर मिळालेला डॉक्टरांचा नवा अहवाल अपिलाला जोडण्याचा आग्रह धरू नका, अपील कोर्ट खालच्या कोर्टातल्या नोंदींवरच चालतं. आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय वकिलाला ज्यूररना गाठून "असं का ठरवलंत?" विचारायला पाठवू नका, नियमाने ते निषिद्ध आहे.