खर्चाची वही आणि कार्डाची थकबाकी
वहीच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, रक्कम, कशावर, आणि 'ठरवून की अचानक'. हा शेवटचा रकाना कधीही गाळू नका, खरी माहिती तिथेच मिळते. पैसे दिले की लगेच लिहा. रात्री आठवून लिहायला बसलं की चहा, वडापाव, रिक्षा हमखास सुटतात. रविवारी बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा जुळवा. यूपीआय लाइट (छोट्या रकमा पिन न टाकता देण्याचं वॉलेट) वापरत असाल, तर स्टेटमेंटमध्ये फक्त वॉलेटमध्ये भरलेली रक्कम दिसते. सुटे खर्च अ‍ॅपमधल्या यादीतून उतरवून घ्यावे लागतात.

महिनाअखेर 'अचानक'ची बेरीज मारा. ती बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणीच साचलेली असते. त्यातल्या खरेदीच्या अ‍ॅपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, सेलची नोटिफिकेशन्स बंद करा. ५०० रुपयांवरची वस्तू २४ तास कार्टमध्येच राहू द्या.

वाचलेले पैसे आधी क्रेडिट कार्डाकडे वळवा. समजा थकबाकी ४०,००० आणि व्याज महिना ३.५ टक्के. व्याज झालं १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. किमान रक्कम म्हणून ५ टक्के, म्हणजे २,००० भरले, तरी मुद्दल उतरतं जेमतेम ३४८ रुपयांनी! शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून ती फिटेपर्यंत कार्ड कपाटातच ठेवा. इतर कर्जांचे हप्ते चुकवू नका, पण जास्तीचा प्रत्येक रुपया सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जातच भरा.