टू-पोस्ट लिफ्ट बसवताना या चुका टाळा

टू-पोस्ट लिफ्टवर, म्हणजे गाडी उचलणाऱ्या दोन खांबांच्या यंत्रावर, गाडी चढवली आणि एक बाजू बोटभर मागे राहिली, की पहिला संशय ऑइलवर जातो. दोष बहुधा जमिनीत नाहीतर दोन्ही बाजू एकसारख्या चढवणाऱ्या वायर रोपमध्ये सापडतो.

सगळ्यात महाग पडते ती जमिनीची चूक. शहाबादी फरशीवरूनच भोक पाडून अँकर (खांब जमिनीला धरून ठेवणारा बोल्ट) ठोकतात. वरून घट्ट वाटतो, पण त्याच्या लांबीतला दीड-दोन इंच भाग फरशी आणि तिच्याखालचा माल खातो. काँक्रीटमध्ये पकड जेमतेम उरते. बेस प्लेटखालची (खांबाच्या पायाच्या पत्र्याखालची) फरशी काढाच. नवं काँक्रीट घालणार असाल तर एम-25 ग्रेडचं घ्या, जाडी मॅन्युअलमध्ये दिलेली ठेवा आणि 28 दिवस होईपर्यंत अँकरला हात लावू नका.

19 मिमी अँकरला 19 मिमीचाच बिट लागतो. भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने काढा. धुळीत अँकर फुगतो पण धरत नाही. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) नुसता फिरतोय, आकडा येत नाही? आणखी पिळू नका, काँक्रीटने पकड सोडली आहे. त्याला खेटून दुसरं भोक पाडणं म्हणजे फसवणूक. तेवढा भाग तोडून नव्याने भरावा लागतो.

आधी मोटारीकडचा खांब दोन्ही दिशांनी ओळंब्यात आणा, मग त्यावरून दुसरा. दोन्ही खांबांच्या पायांमधले कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. उतार असेल तर अँकरजवळ शिम, म्हणजे स्टीलच्या पातळ पट्ट्या, द्या (लाकडाची फळी किंवा वॉशरची चळत नको). 12 मिमीपेक्षा जास्त शिम लागत असतील तर जमीनच दुरुस्त करा.

एक बाजू मागे राहत असेल तर दोन्ही कॅरेज (खांबांवर वर-खाली सरकणारे भाग) एकाच क्रमांकाच्या लॉकवर टेकवा, रोप पुलीच्या खाचेत आहे का पाहा, मग रोपच्या टोकाचे नट थोडे-थोडे फिरवून दोन्ही रोपचा ताण सारखा करा. रिकामी लिफ्ट वर नेताना दोन्ही लॉकचा ‘टक’ एकदमच ऐकू यायला हवा.

थ्री-फेज मोटार फिरते पण लिफ्ट जागची हलत नाही? लगेच बंद करा, बहुधा उलटी फिरतेय. मेन स्विच काढून इलेक्ट्रिशियनकडून कोणतेही दोन फेज अदलाबदल करून घ्या. झटके देत चढत असेल तर आत हवा आहे. रिकामीच चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. ऑइलची पातळी मात्र कॅरेज खाली असतानाच बघायची. वर असताना टाकी भरली, तर उतरवताना तेल बाहेर येतं.

आठवडाभर गाड्या चढल्या की सगळे अँकर पुन्हा टॉर्कवर तपासा. एखादा नट दर वेळी थोडा फिरतच असेल, तर त्या खांबावर गाडी चढवणं थांबवा.