कुत्र्याला दिसेनासं झालं तर घरात काय काय करायचं

आमचा पॉमेरेनियन अकरा वर्षांचा, नाव मोती आणि झाला मोतीबिंदूच, हा जोक सोसायटीत सगळ्यांचा मारून झालाय. पण आम्हाला कळलं खूप उशिरा, कारण घरात तो अगदी नॉर्मल फिरायचा, सोफा कुठे टीपॉय कुठे सगळं पाठ होतं. गणपतीत मखरासाठी टीपॉय सरकवला आणि हा पळत येऊन धाडकन आपटला, तेव्हा आमची ट्यूब पेटली.

आधी घरीच बघा. डोळ्यासमोर हात हलवून काही कळत नाही, हाताचा वारा लागतो त्याला. कापसाचा बोळा समोरून खाली टाका, आवाज नाही वास नाही, दिसत असेल तर नजर वळतेच. हे भर उजेडात करा आणि संध्याकाळी लाईट कमी असतानाही करा, कारण रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, आनुवंशिक आजारात बहुतेक वेळा आधी रात्रीचं दिसणं जातं. आणि सात-आठ वर्षांनंतर डोळ्यात निळसर झाक आली म्हणजे आंधळाच झाला असं नाही, ते भिंगाचं म्हातारपण, त्यात बऱ्यापैकी दिसतं.

मग डॉक्टर. डोळा लाल, धुरकट, मिटून घेतोय, हात लावू देत नाही, असं असेल तर त्याच दिवशी न्या, उद्यावर टाकू नका. काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर वाढतं, खूप दुखतं आणि एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. अचानक पाणी जास्त प्यायला लागला, शू वाढली, तर शुगर तपासा, डायबेटिस झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो. अंगावर गोचीड असतील तर टिक फिव्हरची टेस्ट पण करून घ्या, त्यानेही डोळ्याच्या आत सूज येते, रक्त उतरतं. घरातल्या माणसांचे ड्रॉप्स टाकू नका प्लीज, बुबुळाला जखम असली आणि त्यात स्टेरॉइड निघालं तर उरलेला डोळाही जाईल. मोतीबिंदूचं ऑपरेशन कुत्र्यांचंही होतं, फक्त आधी रेटिना चालू आहे का ते मशीनवर तपासतात, ती गेली असेल तर ऑपरेशनचा काही उपयोग नाही.

घर आहे तसं ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड, कारण सवय आपल्याला बदलायची असते, कुत्र्याला नाही. पाण्याचं भांडं, गादी, जेवणाची जागा, काही हलवायचं नाही. चपला दारात पसरू नका, खुर्ची उठल्यावर आत ढकला, टोकदार कोपऱ्यांना फोम चिकटवा, जिन्याला आणि बाल्कनीच्या दाराला छोटं गेट लावा. पाण्याच्या भांड्याखाली रबरी मॅट, जिन्याच्या अलीकडे काथ्याचं पायपुसणं, असं पायाला कळेल असं काहीतरी टाका, दोन-चार दिवसांत लक्षात येतं त्याला. वासाची खूण करायची तर व्हॅनिला इसेन्सचा एक थेंब पुरे, कापूर किंवा डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, विषारी आहेत कुत्र्यांना.

आणि सारखं उचलून फिरवू नका. आमच्या आईचं हेच चालायचं, बिचारा म्हणून उचलायची आणि भलत्याच खोलीत ठेवायची, मग तो तिथेच थरथरत उभा. उचललंच तर पाण्याच्या भांड्यापाशी नाहीतर गादीवर सोडा, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळेल.

शब्द शिकवा. थांब, वर, खाली, हळू, एवढे बास. पायरी आली की दर वेळी तोच शब्द आणि तोही घरातल्या सगळ्यांनी, एकाने वर म्हणायचं आणि दुसऱ्याने चढ, तर घोळ होतो. हात लावायच्या आधी नावाने हाक मारा, झोपेत एकदम हात लागला तर शांत कुत्राही दचकून चावतो. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा.

बाहेर नेताना पट्टा छोटा आणि गळ्याऐवजी हार्नेस, कारण गळ्यावर ओढ बसली की डोळ्यातलं प्रेशर वाढतं. रस्ता रोजचाच ठेवा आणि वास घ्यायला भरपूर वेळ द्या, त्याचा पेपर तोच. गल्लीतली कुत्री अंगावर येतात हा खरा त्रास, आम्ही सरळ वेळ बदलली, पहाटे साडेपाचला जातो. दिवाळीत मात्र अंधार पडायच्या आत फिरवून आणा आणि मग आतल्या खोलीत फॅन-टीव्ही लावून त्याच्याजवळ बसा.

घरात बसून कंटाळतात, तेव्हा जुन्या टॉवेलमध्ये खाऊचे तुकडे गुंडाळून द्या. मोती दहा मिनिटांत सगळे शोधून काढतो आणि मग टॉवेलसकट नेमका किचनच्या दारात आडवा होतो, आता अडखळतो आम्ही.